अर्ध्यावर आलेली गाठ

"सिद्दीकी, हा पेशंट वेगळा आहे. तुमच्या टेक्निशियनने नावं बदलली."

"सर, नाव तेच, वय तेच, उजव्या किडनीवरचा पाण्याचा फुगा तोच. पेशंट तोच आहे."

"मग गाठ कुठे गेली?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय, सर."

पुढची पाच मिनिटं मी फोनवर ओरडत होतो. डॉ. सिद्दीकी आमचे नांदेडचे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे सीटी स्कॅन वाचणारे डॉक्टर. शांत माणूस. मी ओरडून थांबलो की ते म्हणतात, "झालं का? आता बोलू?" त्यादिवशीही तसंच म्हणाले, आणि मी आणखी भडकलो.

भडकायचं कारण असं होतं. महिन्याभरापूर्वी लातूरला काढलेल्या सीटीमध्ये नागनाथप्पांच्या स्वादुपिंडाच्या डोक्यात लिंबाएवढी गाठ दिसत होती. त्या मंगळवारी नांदेडला काढलेल्या सीटीमध्ये ती अर्ध्यावर आली होती. मधल्या काळात मी त्यांना खाजेची गोळी आणि एक व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं तर काहीही दिलं नव्हतं. कॅन्सरची गाठ आपल्या आपण लहान होत नाही. आणि याच गाठीसाठी येत्या सोमवारी हैदराबादला त्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. हॉस्पिटल नांदेडला, आणि दर गुरुवारी लातूरला ओपीडी. पेशंट आणि त्यांच्या घरच्यांची नावं इथे बदलली आहेत. माझा स्वभाव मात्र आहे तसाच ठेवलाय, कारण तो बदलला तर ही हकीकतच उरत नाही.

नागनाथप्पा मुरुडचे. बियाणं-खताचं दुकान, वय साठीच्या आत-बाहेर, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. लातूरच्या ओपीडीत पहिल्यांदा आले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, अंगभर खाजवल्याचे ओरखडे, आणि सदरा खांद्यावरून उतरलेला. सोबत बायको गंगाबाई आणि मुलगा मल्लिनाथ. बोलायचं काम मल्लिनाथचं. तो बीएस्सी ॲग्री झालेला, आणि मी विचारलेला प्रत्येक प्रश्न आधी स्वतःकडे घ्यायचा.

"पोट दुखतं का आप्पा?"

"न्हाई दुखत," मल्लिनाथ म्हणाला.

"याआधी कधी कावीळ झालेली?"

"कधीच न्हाई साहेब."

"झाडपाला, पुडी, माळ, असलं काही केलंय?"

"छे छे. आम्ही शिकलेली मान्सं हाव."

मी लिहून घेतलं. पूर्वी कावीळ नाही. बाहेरचं औषध नाही. आप्पा खाली बघत होते आणि गंगाबाई भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे.

थोडं समजावून सांगतो. पित्त यकृतात तयार होतं आणि एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं. ती पित्तनळी शेवटच्या टप्प्यात स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. स्वादुपिंड हा जठराच्या मागे आडवा पडलेला अवयव. त्याचं डोकं सुजलं की नळी चेपते, पित्ताला वाट मिळत नाही, ते उलटं रक्तात चढतं. डोळे पिवळे, लघवी लाल, संडास पांढरट, अंगाला खाज. सगळ्या काविळी सारख्या नसतात हे मी रोज सांगतो. काही काविळी विश्रांतीने आपोआप जातात. ही नळी तुंबल्याची कावीळ आपोआप जात नाही. या वयात, दुखणं नसताना, वजन उतरत असताना अशी कावीळ झाली आणि स्कॅनमध्ये गाठ दिसली, तर आमच्या मनात पहिला शब्द कॅन्सर हाच येतो.

मी मल्लिनाथला बाजूला घेऊन तो शब्द सांगितला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "आप्पाला सांगायचं न्हाई. आईला बी न्हाई." मी म्हटलं, पेशंटला कळायला हवं. तो म्हणाला, "साहेब, तुमी इलाज सांगा, बाकीचं आमी बघतो." इथे हेच चालतं. मी वाद घातला, आणि नेहमीसारखा हरलो.

हैदराबादला दुर्बिणीतून गाठीचे तुकडे काढले. रिपोर्ट आला : कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, सूज आहे. लोकांना वाटतं, सुटलो. आम्हाला तसं वाटून घेता येत नाही. सुई गाठीत नेमकी लागली नसेल तर कॅन्सर असूनही दिसत नाही. तिथले सर्जन रेड्डी सर म्हणाले, ऑपरेशन करून टाकू. त्यात चूक काहीच नव्हती. जगभर असंच करतात.

मला एक बारीक शंका होती. आयजीजी-फोर नावाचा एक दुर्मिळ आजार आहे. त्यात माणसाची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर आणि पित्तनळीवर उठते. सूज येते, गाठ दिसते, कावीळ होते, हुबेहूब कॅन्सर. फरक एवढाच की ही गाठ स्टेरॉइडच्या गोळ्यांनी विरघळते. कापायची गरज नसते. मी त्याची रक्ततपासणी सांगितली. 'परवा देतो' म्हणत मल्लिनाथने ती दोन आठवडे लांबवली. शेवटी रिपोर्ट आला, नॉर्मल. मी शंका सोडून दिली.

आणि ऑपरेशन साधं नव्हतं. यात स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा आणि लहान आतड्याची सुरुवात हे सगळं काढून उरलेलं पुन्हा जोडतात. सहा-सात तास लागतात. चांगल्या हातातही माणूस दगावू शकतो, आणि वाचला तरी पुष्कळांना पुढे जन्मभर इन्सुलिन आणि पचनाच्या गोळ्या. कॅन्सर असेल तर हे सगळं करायलाच हवं. नसेल तर धडधाकट अवयव कापून टाकल्यासारखं आहे.

रेड्डी सरांनी सांगितलं होतं की कावीळ फार आहे, आधी नांदेडला नळीत स्टेंट टाकून घ्या. स्टेंट म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, चेपलेली वाट उघडी ठेवायला. मी तारीख दिली. आले नाहीत. म्हणे अमावस्या होती. दुसरी दिली. म्हणे पाहुण्यांत लग्न होतं. मी फोनवर म्हटलं, "मल्लिनाथ, बापाच्या नळीला मुहूर्त लागत नाही." शेवटी ऑपरेशनला सहा दिवस राहिले तेव्हा, त्या मंगळवारी उगवले.

आणि बघतो तर आप्पांचे डोळे जवळपास पांढरे. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, सोळावरून चारवर. भूक लागत होती. गाल भरले होते. फक्त साखर वाढली होती. ती मी स्वादुपिंडाच्या नावावर टाकली. मला वाटलं लॅबची चूक. रक्त दुसऱ्या लॅबला पाठवलं. तिथेही चार. मग सीटी, आणि मग सिद्दीकींवर आरडाओरडा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा कारभार चालला होता.

स्टेंट टाकायचं कारणच उरलं नव्हतं. मी आप्पांना ॲडमिट करून घेतलं आणि रेड्डी सरांना फोन लावला.

"सर, गाठ लहान झालीय."

"अरे, ट्यूमर अपने आप छोटा होता है क्या? बगल की सूजन उतरी होगी. मंडे को भेज दो, अंदर जाके देखेंगे."

"दोन आठवडे थांबलं तर?"

"और उसमें फैल गया तो? जिम्मेदारी आपकी?"

गाठ लहान का झाली याचं कारण मिळाल्याशिवाय मी ऑपरेशन थांबवू शकत नव्हतो, आणि थांबवलं नाही तर सोमवारी माणूस टेबलवर जाणार होता.

मी पुन्हा मल्लिनाथला गाठलं. तोच प्रश्न, थोड्या वरच्या पट्टीत.

"खरं सांग. काही औषध चालू आहे?"

"न्हाई साहेब. तुमचंच चालूय."

"माझं काहीच चालू नाही!"

"मंग काहीच चालू न्हाई."

"देवाधर्माचं? बाबा? वैदू?"

"साहेब, तुमी आमाला अडाणी समजायलाव का?"

मी हात टेकले. गंगाबाई पलंगाजवळ आप्पांचे पाय दाबत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बुधवारी सकाळी राउंडला गेलो. सोबत सुरेखा सिस्टर. सुरेखा अर्धापूरची, माझ्याकडे अकरा वर्षं आहे, आणि हॉस्पिटल ती चालवते, मी फक्त चिडतो. मल्लिनाथ खाली चहाला गेला होता. आप्पा अंघोळीला. गंगाबाई एकट्याच होत्या.

"साहेब, इचारू का एक?"

"विचारा मावशी."

"सोमवारी ह्यान्ला उपाशी ठेवतेत म्हनं."

"ऑपरेशनच्या दिवशी ठेवतातच. पाणीसुद्धा नाही."

"मंग सकाळचं केळ?"

"नाही."

"अर्धं?"

"अर्धंही नाही."

"आन् दुसऱ्या दिवशी?"

"मावशी, पोट उघडून शिवलेलं असेल. आठवडाभर केळ विसरा."

त्यांचे डोळे भरले. मला कळेना. माणसाचं एवढं मोठं ऑपरेशन, आणि ही बाई केळ्यासाठी रडते. माझा आवाज चढायला लागला, "अहो, एक केळं नाही खाल्लं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

गंगाबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी सुरेखाकडे बघितलं. आणि सुरेखाने, माझ्या अकरा वर्षांच्या सिस्टरने, हळूच मान हलवली. नका बोलू, अशी.

ते मी पाहिलं.

सुरेखाला घेऊन मी केबिनमध्ये आलो आणि दार लावलं.

"काय लपवताय?"

"सर, तुम्ही चिडान."

"मी चिडलेलोच आहे. बोल."

"केळात पुडी राहते, सर. काविळीची. केळ मधी चिरायचं, पुडी भरायची, सूर्य उगवायच्या आत खायचं. एक दिस बी चुकवायचं नाही. आणि औषध घेतल्याचं डॉक्टरपाशी बोललं की गुण जाते म्हन्ते तो पुडीवाला बाबा."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"आजपासून. पहाटे चिरताना पाहिलं मी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

सुरेखा म्हणाली, "सर, सगळेच घेऊन राहिले पुड्या. काविळीचा पेशंट पुडी घेतल्याबिगर तुमच्याकडं येतच नाही. बाहेर बाकावर एकमेकाला सांगतेत, सरांपुढं नाव काढू नका, लई बोलतेत."

"कोण सांगतं?"

"पेशंट सांगतेत." मग टेबलावरच्या फायली सरळ करत, "मी बी सांगते कधी कधी. मागं त्या भोकरच्या बाईच्या गळ्यातली काविळीची माळ तुम्ही सगळ्यांसमोर कात्रीनं कापली. ती परत आलीच नाही सर. तिच्या नळीत खडा होता."

पुडी आणि माळ या विषयावर मी चिडतो, आणि चिडायला माझ्याकडे कारणं आहेत. नळीत खडा अडकलेला माणूस महिनाभर माळ घालून बसतो आणि पू होऊन तापाने फणफणत माझ्याकडे येतो. असे काही मी माझ्या हाताने स्मशानात पोचवले आहेत. म्हणून ओरडायचो. वाटायचं, ओरडण्याने पुड्या बंद होतील. बंद झालं होतं ते फक्त मला सांगणं. लोक ताकाला येत होते आणि भांडं लपवत होते, आणि लपवायला मीच शिकवलं होतं.

मग मी गंगाबाईंकडे गेलो. स्टूल ओढून बसलो. आवाज खाली ठेवायला मला कष्ट पडले, खोटं कशाला सांगू.

"मावशी, पुडीने आप्पांना गुण आलाय. मला दिसतंय. मी रागावणार नाही. सगळं सांगा."

त्यांनी कधी नव्हे ते माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग धडाधड बोलल्या. कावीळ ही दुसरी होती. पहिली गेल्या वर्षी झालेली. तेव्हा गालाखाली, जबड्याच्या दोन्ही बाजूंना सूजही आली होती, तोंड कोरडं पडायचं. बाबाची पुडी महिनाभर घेतली, कावीळ गेली, सूजही गेली. पुडी सोडली, वर्षाच्या आत पुन्हा पिवळे. यावेळी आधी माझ्याकडे आले, कारण मल्लिनाथचा हट्ट. माझ्याकडून घरी गेल्यावर पोरगा दुकानात बसून रडताना त्यांनी पाहिला. त्याच आठवड्यात हैदराबादहून आले आणि दुसऱ्या दिवशी त्या पुडी घेऊन आल्या. मल्लिनाथला पुडीचं माहीत होतं. त्यानेच दोन्ही वेळा स्टेंट लांबवला होता. गुण येतोय म्हटल्यावर.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात एकेक कोडं सुटत होतं. गाल भरलेले, भूक वाढलेली, साखर चढलेली. हे स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाचं चित्र आहे, एमबीबीएसच्या पोरालाही ओळखता येतं. पुडीत पाल्याबरोबर स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असणार. असल्या पुड्या मी पाहिलेल्या आहेत, गुडघेदुखीच्या तर पोत्याने. आणि स्टेरॉइडने जी गाठ विरघळते ती कॅन्सरची नसते. गेल्या वर्षीची जबड्याजवळची सूजही आयजीजी-फोरचीच, तो लाळेच्या ग्रंथींवरही उठतो. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला कारण रक्त देईपर्यंत दोन आठवड्यांच्या पुड्या पोटात गेल्या होत्या. तुकडे मात्र पुडीच्या आधीचे होते.

पण मला वाटणं आणि पुरावा यात फरक असतो. शरीर स्वतःही रोज थोडं स्टेरॉइड बनवतं, त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. बाहेरून भरपूर मिळायला लागलं की शरीर आपलं दुकान बंद करतं. गुरुवारी पहाटे आप्पांचं कॉर्टिसॉल तपासलं. जवळपास शून्य. दुकान पूर्ण बंद. मग याचा दुसरा अर्थ माझ्या लक्षात आला. सोमवारी उपाशी ठेवून, पुडी चुकवून, याच माणसाला सात तासांच्या ऑपरेशनला घेतलं असतं तर शरीराकडे ताण सोसायला काहीच नव्हतं. टेबलवर बीपी कोसळलं असतं, आणि ते का कोसळलं हे तिथे कुणालाच कळलं नसतं. गंगाबाई केळ्यासाठी रडत होत्या ते काही उगीच नव्हतं.

आप्पांना मी लगेच मोजून स्टेरॉइड सुरू केलं आणि रेड्डी सरांना फोन केला. हैदराबादला ठेवलेल्या त्याच तुकड्यांवर आयजीजी-फोरचा खास रंग टाकून पाहा म्हटलं. ते वैतागले. ऑपरेशनची लिस्ट लागली होती. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा. शनिवारी दुपारी त्यांचाच फोन आला.

"पॉझिटिव्ह है. कैसे पकडा?"

"केले से," मी म्हणालो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

ऑपरेशन रद्द झालं. आता सगळे खूष होतील अशी माझी समजूत होती. मल्लिनाथला समोर बसवून समजावलं की कॅन्सर नाही, आजार दुर्मिळ आहे, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आटोक्यात येतो.

"म्हंजे पुडी बरोबर होती," तो म्हणाला.

"पुडी बरोबर नव्हती. पुडीत जे लपवून घातलं होतं ते योगायोगाने लागू पडलं."

"पर लागू पडलं ना?"

"मल्लिनाथ, उद्याच्या पुडीत त्याने दुप्पट घातलं किंवा काहीच घातलं नाही तर? साखर बघ किती झालीय. अचानक बंद केलं असतं तर आप्पा गेले असते."

"तुमी बी तेच औषध द्यायलाव ना साहेब?"

"हो!"

"मंग फरक काय?"

फरक काय! मी बारा वर्षं शिकलो, वीस वर्षं प्रॅक्टिस केली, आणि एका माणसाला मोजलेलं औषध आणि मुठीने टाकलेलं औषध यातला फरक सांगता सांगता माझ्या घशाला कोरड पडली. शेवटी मी त्याच्याच दुकानावर आलो. म्हटलं, "शेतकऱ्याला तणनाशक देताना पंपाला किती मिली सांगतोस की नाही? की ओंजळीने ओतायला सांगतोस?" तेव्हा कुठे गडी गप्प झाला.

डिस्चार्जच्या दिवशी आप्पा पहिल्यांदा स्वतः बोलले. मी म्हटलं, "आप्पा, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. आम्हाला कॅन्सरचा संशय होता."

"ठाव होतं."

"कुणी सांगितलं?"

"कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय साहेब? पोरगं माज्याशी गोड बोलायलं तवाच वळखलं." आणि मग बायकोकडे बोट दाखवून, "हिला ठाव न्हाई आसं वाटलं म्हनून मी गप. तिला वाटलं मला न्हाई."

एका घरातली तीन माणसं आणि एक डॉक्टर, चौघेही एकमेकांपासून तेच लपवत बसलो होतो.

आप्पा आता बरे आहेत. तीन महिन्यांनी काढलेल्या सीटीमध्ये गाठ नाही. गोळ्या हळूहळू कमी करत छोट्या डोसवर आणल्या आहेत. साखरही उतरली. तक्रार एकच, माझी गोळी कडू लागते, पुडी केळ्यातून गोड लागायची. बाबाचा धंदा मात्र वाढलाय. नांदेडच्या डॉक्टरनेही पुडीला मान्यता दिली असं त्या भागात सांगतात, माझं नाव घेऊन. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर गर्दी आणखी वाढेल. तक्रारीचा अर्ज केलाय. उत्तर यायचंय.

मी प्रश्न बदलला. "बाहेरचं काही घेता का?" असं विचारत नाही. "पुडी कुठल्या गावची?" असं विचारतो, पेन हातात धरून, जणू ते फॉर्ममध्येच आहे. पहिल्या आठवड्यात टेबलावर एवढ्या पुड्या जमल्या की सुरेखाने डबा आणून ठेवला. आजाराच्या हकीकतीला आम्ही हिस्टरी म्हणतो. ती विचारून मिळते. दरडावून मिळतो तो जबाब, आणि जबाबात माणूस स्वतःला वाचवतो.

हे लिहून इथे थांबता आलं असतं. पण मला झोप लागेना म्हणून मी जुन्या फायली काढल्या. स्वादुपिंडाची गाठ म्हणून माझ्याकडून ऑपरेशनला गेलेले पेशंट. त्यात किनवटकडच्या एका आश्रमशाळेचे अधीक्षक होते. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाचा रिपोर्ट : कॅन्सर नाही, सूज. तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. कॅन्सर नाही निघाला म्हणून. ते आज दिवसातून तीनदा इन्सुलिन घेतात.

मी फोन केला. त्यांच्या पत्नीने उचलला. तब्येत विचारली, आणि मग तो प्रश्न विचारला, पुडी कुठल्या गावची होती?



"दोन वेळा घेतली होती, साहेब. दोन्ही वेळा उतरली होती कावीळ. तुम्ही विचारलं तवा ह्यांनी तोंड उघडलं होतं सांगायला. मीच ह्यांचा हात दाबला. तुम्ही आमच्या आधीच्या नंबरच्या माणसाला पुडीवरून लई बोलले होते त्या दिवशी."